जुनी अटॅचमेंट, घरचे वर्कशॉप : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालातली बहुतेक पत्रे एकाच गोष्टीची आहेत. बंद पडलेल्या जिनिंगमधून, भंगारातून, मोडलेल्या वर्कशॉपमधून लेथचे सुटे सामान मिळते आहे. ते घ्यावे का, आणि नाही मिळाले तर घरी काय जमवता येईल? उत्तरांतली मापे मिलिमीटरमध्ये आहेत. जिथे कारागीर इंचातच बोलतात तिथे इंच ठेवले आहेत.

प्रश्न (दर्यापूर, जि. अमरावती) : आमच्या इकडचा एक जिनिंगवाला आपलं जुनं वर्कशॉप मोडून राह्यला. त्यात आठ इंची थ्री-जॉ चक हाये, जॉचे दोन्ही सेट हायेत. माह्या सहा फुटी लेथले तो बसन का? आन् चांगला हाये का नाही, हे तिथंच कसं पाहावं?

उत्तर : चक म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) धरणारा पंजा, आणि जॉ त्याचे जबडे. तो बसवणे बॅकप्लेटच्या, म्हणजे चकमागच्या चकतीच्या, हाती असते, आणि बॅकप्लेट आपल्या स्पिंडलसाठी (लेथच्या फिरत्या दांड्यासाठी) आपल्याच लेथवर करायची असते. सोबत आलेली बॅकप्लेट दुसऱ्या लेथची असेल तर तिचा मोह धरू नका. आधी चक पारखा.

जाताना खिशात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), खडूची पूड, बाटलीत थोडे रॉकेल किंवा डिझेल आणि एक सरळ ग्राइंड केलेला रॉड न्या. असा रॉड विकत घ्यावा लागत नाही. मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचा क्रोम पाइप चालतो, फक्त तो वाकलेला नसावा. काचेवर लोळवा, खालून उजेड लुकलुकला तर दुसरा शोधा.

पहिली तपासणी नंबरांची. प्रत्येक जॉवर १, २, ३ कोरलेले असते आणि बहुतेक चांगल्या चकच्या जॉवर बॉडीचा नंबरही असतो. तो जुळत नसेल तर जॉ दुसऱ्या चकचे आहेत. असा चक जॉब धरतो, पण जॉब आऊट (मध्य सोडून) फिरवतो, आणि त्यावर उपाय खर्चिक आहे. मग जॉ पूर्ण बाहेर काढून चावीने स्क्रोल (जॉ सरकवणारी आतली आटेदार चकती) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. सगळीकडे सारखे जड लागले तर आत जुना कीस आणि वाळलेले ग्रीस आहे, ते धुऊन निघते. एकाच जागी अडकून पुढे सुटत असेल तर स्क्रोलचा आटा किंवा पिनियनचा (स्क्रोल फिरवणाऱ्या लहान गियरचा) दात तुटला आहे. तिन्ही चौकोनांत चावी घालून पाहा. एखादा चौकोन गोल झाला असेल तर पिनियन बदलावा लागेल.

दुसरी तपासणी जॉच्या तोंडाची. वर्षानुवर्षे आखूड जॉब धरून जॉ पुढच्या टोकाला झिजतात आणि तोंड घंटेसारखे पसरते. मग जॉब फक्त मागच्या बाजूला धरला जातो आणि पुढे थरथरतो. रॉड जॉच्या पूर्ण लांबीत घालून कसा आणि पुढच्या तोंडाशी ०.०५ चा फीलर सरकवा. सरकला तर तोंड पसरले आहे. हा दोष ग्राइंडिंगने जातो, म्हणून तेवढ्यासाठी चक सोडू नका. मात्र भाव करताना तो दाखवून द्या.

तिसरी तपासणी तड्याची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. बॉडी पुसून जॉच्या खाचांच्या कोपऱ्यांत आणि बोल्टच्या भोकांभोवती रॉकेल लावा, पाच मिनिटे थांबा, कोरड्या फडक्याने पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आतले रॉकेल पुडीत काळी रेघ काढते. तडा गेलेल्या बिडाच्या चकला वेल्डिंग करून कोणी विकत असेल तर तिथून निघून या. फिरत्या चकचा तुकडा सुटला तर तो माणसाच्या अंगावर येतो.

आता बॅकप्लेट. बिडाचा कास्टिंगचा गोळा घ्या, स्पिंडलच्या आट्यांचा टीपीआय (एका इंचात किती आटे) पिच गेजने मोजा, आटे पाडा आणि प्लेट स्पिंडलच्या खांद्याला पूर्ण टेकेपर्यंत चढवा. मध्य आटे धरत नाहीत. आट्यांमागचा गुळगुळीत भाग, म्हणजे रजिस्टर, धरतो, म्हणून तिथे ढिलाई नको. प्लेट स्पिंडलवर चढलेली असतानाच पुढचा चेहरा आणि चकच्या मागच्या खळग्यात जाणारी पायरी कापा. पायरी हाताच्या जोराने चक सरकेल इतकी घट्ट, पण उंचीला खळग्यापेक्षा अर्धा मिमी कमी ठेवा. हे अर्धे मिमी विसरले की चक पायरीवर टेकतो, बाहेरचा चेहरा बसत नाही आणि बोल्ट आवळताना चक वाकडा होतो. बोल्टची जागा उतरवायला बिनडोक्याचे बोल्ट टोकदार घासून चकच्या आट्यांतून किंचित बाहेर काढा आणि प्लेटवर हलकेच ठोका. एम-१० बोल्टला ११ चे भोक पाडा.

बसवल्यावर त्याच रॉडवर डायल (बारीक हालचाल मोजणारे गेज) लावा, एकदा जॉजवळ आणि एकदा १०० मिमी पुढे. दोन्हीकडे सारखाच आऊट असेल तर चक बाजूला सरकला आहे; रजिस्टर किंवा स्क्रोल पाहा. पुढे जाताना आऊट वाढत असेल तर चक किंवा जॉब तिरका आहे. चेहऱ्यावरचा कीस, नाहीतर पसरलेले तोंड. जॉजवळ ०.१० पर्यंतचा आऊट जुन्या थ्री-जॉला माफ आहे. त्याहून बारीक काम फोर-जॉवर करायचे असते, आणि खरे सांगायचे तर जुन्यात घ्यायला फोर-जॉच जास्त चांगला. त्याचा प्रत्येक जॉ वेगळा चालतो, त्यामुळे झीज असली तरी डायल लावून जॉब शून्यावर आणता येतो.

आठ इंची चक हातावर तोलून चढवू नका. बेडवर लाकडाचा पाळणा करून त्यावरून सरकवा.

प्रश्न (आर्णी, जि. यवतमाळ) : थ्रेशरच्या २५ मिमी शाफ्टला आणि पुलीला कीवे पाडायला प्रत्येक वेळी यवतमाळला जावे लागते. मिलिंग मशीन परवडत नाही. लेथला लावायची जुनी व्हर्टिकल स्लाइड शोधावी, की घरी काही करता येईल?

उत्तर : दोन्ही होते. कीवे म्हणजे शाफ्ट आणि पुली एकत्र फिरवणारी पट्टी (की) बसायची खाच, आणि व्हर्टिकल स्लाइड जॉब वर-खाली सरकवते. जुनी स्लाइड मिळाली तर तीन गोष्टी पाहा. टी-स्लॉटचे (बोल्ट अडकवायच्या खाचांचे) ओठ तुटलेले नसावेत. गिब (ढिलाई काढणारी पट्टी) आवळल्यावर स्लाइड दोन्ही टोकांना सारखीच जड चालावी. मध्ये ढिली आणि टोकांना घट्ट असेल तर मधला भाग झिजला आहे आणि तो हाताने स्क्रॅप केल्याशिवाय सुधारत नाही. स्क्रूचा प्ले तेवढा महत्त्वाचा नाही, एकाच दिशेने माप घेतले की तो सांभाळता येतो.

स्लाइड मिळाली नाही तर भंगारातल्या लेथची कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी वरची लहान स्लाइड) शोधा. ती उभी केली की व्हर्टिकल स्लाइडचेच काम करते. १६ मिमी प्लेटचा एल करून मागे दोन तिकोनी आधार वेल्ड करा. वेल्डिंगने प्लेट ओढली जाते, म्हणून दोन्ही चेहरे वेल्डिंगनंतरच मशीन करून गुण्यात आणा; आधी केलेले मशीनिंग फुकट जाते. आपल्या लेथची कंपाउंड काढून तिच्या जागी हा एल क्रॉस स्लाइडवर बोल्टने बसवा आणि त्याच्या उभ्या चेहऱ्यावर भंगारातली कंपाउंड. ड्रिल मशीनचा हलका व्हाइस उभा करून मिलिंग करणारे पुष्कळ आहेत, पण त्या व्हाइसचा सरकता जबडा आवळताना वर उचलतो आणि शाफ्ट कापता कापता फिरतो.

कटर स्पिंडलमध्ये आणि शाफ्ट व्ही-ब्लॉकमध्ये आडवा. कटर ड्रिल चकमध्ये कधीही धरू नका. त्याचा टेपर फक्त सरळ दाबासाठी असतो. बाजूचा दाब आला की चक टेपरमधून सुटतो आणि फिरत फिरत खाली येतो. कोलेट चक (कटर गच्च धरणारी बाही) स्पिंडलच्या मोर्स टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) घालून मागून ड्रॉबारने (लांब बोल्टने) ओढून धरा. ड्रॉबारचा आटा मोर्स २ ला एम-१०, मोर्स ३ ला एम-१२ असतो. थ्री-जॉमध्ये कटर धरलाच तर शँकवर पेनाने रेघ मारा; कटर हळूहळू बाहेर ओढला जातो आणि कीवे न कळत खोल होत जातो.

२५ च्या शाफ्टला की ८ रुंद आणि ७ उंच लागते. शाफ्टमधली खोली ४, पुलीमधली ३.३. शाफ्ट १७ च्या वर २२ पर्यंत असेल तर की ६ × ६, खोली ३.५ आणि २.८. ३० च्या वर ३८ पर्यंत की १० × ८, खोली ५ आणि ३.३.

मध्य असा काढा : फिरता कटर शाफ्टच्या वरच्या कडेला लावलेल्या ओल्या सिगारेटच्या कागदाला भिडू द्या. कागद उडाला की थांबा, कटर शाफ्टपासून मागे घ्या आणि स्लाइड शाफ्टच्या त्रिज्येइतकी अधिक कटरच्या त्रिज्येइतकी सरकवा. इथे १२.५ + ४ = १६.५, आणि कागदाची जाडी वर. दोन पात्यांचा ८ मिमी एचएसएस (हाय-स्पीड स्टील) स्लॉट ड्रिल पुस्तकी हिशेबाने साधारण १००० आरपीएमवर चालतो (३१८ × मिनिटाचा वेग २५ मीटर ÷ व्यास ८), पण अशा जमवलेल्या बांधणीवर ६०० ते ७०० च बरे. एका वेळी ०.३ खोली. खोली कॅरेजने (बेडवर सरकणाऱ्या गाड्याने) द्यायची आणि प्रत्येक पासला कॅरेज लॉक करायची. बेडवर मॅग्नेटिक बेस ठेवून डायल कॅरेजला टेकवला की खोली थेट वाचता येते.

पुलीचा आतला कीवे लेथवरच स्लॉटिंग करून निघतो. मोटारीचा प्लग काढा. स्पिंडल लॉक करा. बॅक गियर गुंतवून लॉक होतो, पण धक्के दातांवर बसतात, म्हणून चकच्या जॉखाली बेडवर लाकडाची पाचर ठोका. बोरिंग बारमध्ये ८ मिमी रुंद घासलेला एचएसएस बिट बरोबर सेंटरच्या उंचीवर आडवा बसवा, हाफ नट (कॅरेजला लांब लीड स्क्रूवर धरणारा नट) सोडा आणि कॅरेजचे चाक हाताने मागेपुढे चालवा. प्रत्येक फेरीला ०.०५ ते ०.०८. हात दुखतील, पण कीवे साफ निघतो. बिट सेंटरच्या वर किंवा खाली असेल तर कीवे एका बाजूला तिरका होतो आणि की नंतर ठोकूनही बसत नाही. घाई करून ०.२ चा काप घेतला की बार लवतो, बिट रुततो आणि कॅरेज चालवणाऱ्या रॅकचा दात जातो.

प्रश्न (तुमसर, जि. भंडारा) : जुना लेथ घेतला. लीड स्क्रू ४ टीपीआयचा आहे. मिमीचे आटे पाडायला १२७ दातांचा गियर लागतो म्हणतात, तो मिळालाच नाही. नवा करावा का?

उत्तर : लीड स्क्रू म्हणजे आटे पाडताना कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू, आणि १२७ चा गियर त्याचे इंच मिमीत बदलतो. करण्याआधी जागा मोजा. गियरचा मॉड्यूल (दाताच्या आकाराचे माप) काढायला बाहेरचा व्यास भागिले (दात अधिक दोन). ४० दातांचा व्यास ८४ असेल तर ८४ ÷ ४२, म्हणजे मॉड्यूल २. त्याच मॉड्यूलचा १२७ चा गियर २५८ मिमी व्यासाचा होतो, आणि बऱ्याच लहान लेथच्या कव्हरखाली तो मावत नाही. ६३ दातांचा फक्त १३० चा होतो आणि काम जवळपास तेच करतो.

मांडणी अशी : स्पिंडलच्या वेगाने फिरणाऱ्या स्टडवर ६३, तो ८० ला फिरवतो; ८० च्याच बुशवर पिचच्या वीसपट दातांचा गियर, आणि तो लीड स्क्रूवरच्या १०० ला. १.५ पिचला ३०, १.७५ ला ३५, २ ला ४०. आपला सेट जुळतो का पाहा. बहुतेक सेट पाच-पाचच्या पायऱ्यांचे असतात, म्हणून विकत घ्यावा लागतो तो एकटा ६३. १.५ च्या जागी १.५००२ पिच मिळतो. १०० मिमी आट्यात चूक साधारण ०.०१३, नट-बोल्टला ती कळतही नाही.

एक पथ्य पाळा. इंचाच्या लीड स्क्रूवर मिमीचे आटे पाडताना हाफ नट सोडायचा नाही. टूल मागे घ्या, मोटार उलटी फिरवून परत या. हाफ नट सोडला की दुसरा पास नवीनच आटा पाडतो.

प्रश्न (वरुड, जि. अमरावती) : अँगल ग्राइंडर टूलपोस्टवर बांधून शाफ्ट ग्राइंड करायचा आहे. बेंच ग्राइंडरचा सहा इंची दगड बुश घालून त्यावर बसेल का?

उत्तर : बसेल, आणि फुटेल. बेंच ग्राइंडरचे साधे दगड साधारण ३५ मीटर प्रति सेकंद वेगासाठी असतात. ११,००० आरपीएमच्या अँगल ग्राइंडरवर १५० मिमी दगडाच्या कडेचा वेग ८६ मीटर होतो. गार्डही काढावा लागतो, म्हणजे फुटलेला तुकडा अडवायला काहीच उरत नाही. हे करू नका.

बेअरिंगची जागा साफ करायची असेल तर एचएसएसच्या धारदार टूलने शेवटचा ०.०५ चा पास आणि वर तेल लावून बारीक एमरी पुरते. ग्राइंडिंगच हवे असेल तर सरळ डाय ग्राइंडर आणि शँकवाला लहान दगड घ्या, दगडावर लिहिलेला आरपीएम ओलांडू नका आणि बेड ओल्या जाड कापडाने झाका. कापड चकपासून लांब बांधा. दगडाची धूळ बेडवर पडली की ती कॅरेजखाली जाऊन पुढे कित्येक महिने बेड खात राहते.

प्रश्न (दिग्रस, जि. यवतमाळ) : जुन्या बाजारातून टेपर शँक ड्रिल आणि स्लीव्ह घेतले. टेलस्टॉकमध्ये ड्रिल फिरते, धरतच नाही. टेलस्टॉक खराब की स्लीव्ह?

उत्तर : आधी स्लीव्ह (ड्रिलवर चढणारी निमुळती बाही; ती टेलस्टॉकमध्ये, म्हणजे चकसमोरच्या आधारात बसते) योग्य नंबरचा आहे ना ते मोजा. जाड टोकाचा व्यास मोर्स २ ला १७.७८, मोर्स ३ ला २३.८२५, मोर्स ४ ला ३१.२६७. मग चांगल्या सेंटरच्या (टोकदार आधाराच्या) टेपरवर लांबीत मार्किंग ब्लूच्या तीन बारीक रेघा ओढा, टेलस्टॉकमध्ये दाबा, अर्धा वळसा फिरवून काढा. ब्लू पूर्ण लांबीत पसरला असेल तर टेलस्टॉक बरा आहे, दोष स्लीव्हचा. फक्त पुढे किंवा फक्त मागे पसरला असेल तर टेलस्टॉकचा टेपर बिघडला आहे.

बहुतेक वेळा बिघाड म्हणजे ड्रिल फिरल्याने उठलेले ओरखडे असतात. त्यांचा उठाव तीनकोनी स्क्रॅपरने काढा आणि मोर्सचा फिनिशिंग रीमर हाताने, तेल लावून, फक्त चकाकी येईपर्यंत फिरवा. आत एमरीचे कापड घालून घासणे सर्वांत वाईट. टेपर मध्ये पोकळ होतो. रीमरही जपूनच, कारण हा टेपर सुमारे १:२० चा असतो आणि व्यासात अर्धा मिमी गेला की सेंटर १० मिमी आत जाते. मग टेलस्टॉकची सरकती बाही पूर्ण मागे जाण्याआधीच सेंटर बाहेर ढकलले जाते.

प्रश्न (हिंगणघाट, जि. वर्धा) : लांब शाफ्टसाठी दुसऱ्या कंपनीच्या लेथची स्टेडी मिळते आहे. सेंटरची उंची आपल्यापेक्षा १२ मिमी कमी आहे, व्ही पण वेगळा.

उत्तर : घ्या. स्टेडी म्हणजे लांब शाफ्टला मध्ये आधार देणारी कडी. दुसऱ्या लेथचे सामान सर्वांत सहज जुळते ते स्टेडीचे, कारण तिचे तीनही जॉ सरकतात आणि मध्य आपणच ठरवतो. खाली १२ मिमीची प्लेट घाला, प्लेट बेडच्या सपाट पट्ट्यांवर टेकू द्या आणि खालून क्लॅम्प करा. बेडचा व्ही जुळवायचा खटाटोप नको.

जॉची टोके झिजलेली असतील तर पितळेची नवी लावा किंवा ६०८ नंबरची बेअरिंग बसवा. बेअरिंगखाली कीस गेला की तो शाफ्टवर ठसे उमटवतो, म्हणून स्टेडीच्या चकबाजूला पुठ्ठ्याला भोक पाडून अडकवा. स्टेडी लावायची जागा आधी टर्न करून गोल करा. जॉ लावताना शाफ्टचे दुसरे टोक टेलस्टॉकच्या सेंटरवर असू द्या, जॉ एकेक करून नुसते टेकवा आणि मगच टेलस्टॉक मागे घ्या. जॉने शाफ्ट मध्यापासून ढकलला गेला तर तो हळूहळू चकमधून बाहेर सरकतो.

प्रश्न (मेहकर, जि. बुलढाणा) : पेरणी यंत्राची १४ दातांची स्प्रॉकेट करायची आहे. डिव्हायडिंग हेड मिळाले, पण होल प्लेट एकही नाही.

उत्तर : डिव्हायडिंग हेड जॉब सारख्या भागांत फिरवते, आणि होल प्लेटची भोके फेऱ्याचा अंश मोजतात. हँडलचे ४० फेरे मारून स्पिंडल बरोबर एकदा फिरतो का ते पाहा. फिरला तर ४० ÷ १४ म्हणजे दोन पूर्ण फेरे आणि ६/७ फेरा. २१ भोकांच्या वर्तुळात दर वेळी दोन फेरे आणि १८ भोके.

ती प्लेट घरी होते. भोके १५० मिमी वर्तुळावर हवीत. १५० मिमी व्यासाची चकती टर्न करा, तिच्या काठावर कागदाची पट्टी गुंडाळून जोडावर कापा, उघडून २१ भाग आखा. कंपासने पाऊल पाऊल मोजू नका, चूक साठत जाते. स्टीलच्या पट्टीवर शून्यापासून २२.४, ४४.९, ६७.३ असे पुढे मोजत जा. पट्टी परत काठावर चिकटवा, चकती मोठ्या प्लेटवर मध्ये बसवा, खुणा गुण्याने प्लेटवर उतरवा आणि भोके पाडा. एखादे भोक अर्धा मिमी चुकले तरी हेडचा वर्म गियर ती चूक ४० ने भागतो, स्प्रॉकेटवर ती ०.०१ अंशाच्या आत राहते.

प्रश्न (मूल, जि. चंद्रपूर) : लेथची मोटार एक एचपी थ्री फेज, घरी सिंगल फेज. मोटार बदलू का?

उत्तर : मोटार चांगली असेल तर सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (वीज बदलून मोटारीचा वेग ठरवणारे यंत्र) लावा. तो बाहेर २३० व्होल्टचा थ्री फेज देतो, आणि आपल्याकडच्या लहान मोटारी बहुधा ४१५ व्होल्ट स्टारमध्ये असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा तारा असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा करा. तीनच असतील तर वायंडिंगवाल्याकडून स्टारचा जोड उघडून सहा तारा बाहेर काढून घ्या. स्टारमध्येच चालवली तर मोटार जोरच धरत नाही. मोटार आणि व्हीएफडी यांच्यामध्ये स्विच ठेवू नका, चालू-बंद व्हीएफडीच्याच टर्मिनलवरून करा. २५ हर्ट्झच्या खाली जास्त वेळ चालवली तर मोटारीचा पंखा हळू पडतो आणि ती तापते. कमी वेग हवा असेल तर बेल्ट बदला.

चक आट्यांवर चढवलेला असेल तर थांबण्याचा वेळ चार-पाच सेकंद ठेवा. झटक्यात ब्रेक लागला किंवा मोटार एकदम उलटी फिरली की स्पिंडल थांबतो आणि चक फिरत फिरत सुटून बेडवर येतो.

संध्याकाळी गावात व्होल्टेज पडले की व्हीएफडी अंडरव्होल्टेजवर ट्रिप होतो, आणि ते नेमके आटे पाडताना होते. जाड काप आणि आटे दिवसा उरकून घ्या.